पायाकडे वळलेला आरसा

उताणं झोपल्याशिवाय माझ्यात कुणालाच बघता येत नाही. मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही, की दातात अडकलेलं काही काढत नाही. मी एमआरआय यंत्रात राहतो, आणि माझ्यात बघायचं तर डोकं एका अरुंद बोगद्यात घालावं लागतं.

माझा आकार तळहाताएवढा. मी काचेचा नाही, चकचकीत लेप दिलेल्या प्लॅस्टिकचा आहे. माझे स्क्रूसुद्धा प्लॅस्टिकचेच. कारण हे यंत्र म्हणजे भलं मोठं लोहचुंबक. जवळ लोखंड आलं की ते हिसकावून घेतं, मग ती साधी टाचणी का असेना! कारखान्यात माझ्याबरोबर कापलेले तुकडे खेळण्यांत गेले. मला मात्र दवाखान्याची नोकरी लागली. खरं सांगायचं तर याचा मला तोरा होता.

आत माणसाचं डोकं टोपलीसारख्या एका चौकटीत बसवतात. त्या चौकटीवर, बरोबर डोळ्यांच्या वर, मी असतो. मला दोन दिशांना वळवता येतं. डोक्याकडे वळवलं की बोगद्यामागचा चित्रांचा पडदा दिसतो. पायाकडे वळवलं की समोरच्या खोलीची खिडकी दिसते, आणि तिच्यामागची माणसं. साध्या रोग्यांसाठी मला पायाकडेच ठेवतात. आत नुसती धडधड, ठोकाठोकी. एखाद्याची पाचावर धारण बसते. अशा वेळी कुणीतरी ओळखीचं दिसलं की जीव थाऱ्यावर येतो.

पडदा असतो बाईंच्या कामासाठी. बाई म्हणजे आमच्या संशोधक. हसरा, रागीट, घाबरलेला, ओळखीचा, अनोळखी असे चेहरे पाहिले की माणसाच्या मेंदूत काय घडतं, ते त्या शोधतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे जास्त रक्त धावतं आणि यंत्राला ते कळतं. यंत्र मनातले विचार वाचतं असं कुणी सांगितलं, तर खुशाल कानाडोळा करा. त्याला फक्त रक्ताची धावपळ कळते. बाकीचं बाईंनी डोकं खाजवून शोधायचं असतं.

पाहुणे यायचे आणि यंत्राचं तोंड भरून कौतुक करायचे. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. एका कोपऱ्यावर ओरखडा पडला, पुसायला मिळेल ते फडकं वापरू लागले. मी आहे हेच लोक हळूहळू विसरले. त्याचा परिणाम एका माणसाला भोगावा लागणार होता.

त्या माणसाला सगळे अप्पा म्हणत. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. उभा जन्म त्यांनी गिऱ्हाइकांचे चेहरे आरशात पाहिलेले. म्हणजे आम्ही दोघं एकाच धंद्यातले! मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हापासून ते बोलत नव्हते, हसत नव्हते, हाक मारली तरी बघत नव्हते. दुकान आता मुलगा चालवत होता. अप्पांना माणसं ओळखू येतात का, ते बाईंकडून तपासून घ्यायला तो त्यांना घेऊन आला, बरोबर त्याची मोठी बहीणही होती.

टेक्निशियननी अप्पांना माझ्याखाली झोपवलं. बहीण त्यांच्या कानाशी वाकली. "अप्पा, खूप आवाज होईल हं. घाबरायचं नाही. मी इथेच आहे."

"ताई, कुणाशी बोलतेस?" मुलगा म्हणाला. "त्यांना काही कळतंय का?"

"कळतं त्यांना."

"तुला महिन्यातून एकदा भेटून कळतं! मी रोज भरवतो. भिंतीला भरवल्यासारखं वाटतं गं." त्याचा आवाज खाली आला. "हे बघ, आपलं ठरलंय. त्यांना माणसं कळत नाहीत असं निघालं, तर सोमवारी कायमचं शुश्रूषागृहात ठेवायचं. मग पुन्हा वाद नको. माझ्याच्यानं आता होत नाही."

"ठरलंय," ती म्हणाली, आणि तिनं अप्पांच्या अंगावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

आता चूक कुठे झाली ते ऐका. सकाळी एका आजींची तपासणी होती. त्यांना सून दिसत राहावी म्हणून मला पायाकडे वळवलं होतं. नंतर मला परत डोक्याकडे वळवायचं राहूनच गेलं. बाईंनी विचारलं, "आरसा बघितला ना?" टेक्निशियन म्हणाले, "हो, बघितला." मी जागेवर आहे एवढंच त्यांनी पाहिलं होतं. माझं तोंड कुठे आहे, ते नव्हतं पाहिलं. दुसरं कुणी आत असतं तर ओरडलं असतं, "अहो, पडदा कुठाय?" अप्पा कसे ओरडणार? आणि मला तर बोलताच येत नाही. माझा जीव नुसता तळमळत होता.

मागच्या पडद्यावर मुलाचे, मुलीचे, परक्या लोकांचे फोटो येत-जात राहिले. अप्पांना त्यातलं काहीही दिसलं नाही.

नीट हिशेब नंतर होतो, पण साधारण अंदाज लगेच कळतो. अप्पांना बाहेर काढून चाकांच्या खाटेवर निजवलं. दार उघडंच होतं. बाईंचा आवाज आला, "घरचे चेहरे आणि परके चेहरे, काहीच फरक दिसत नाहीये. वाईट वाटतं सांगायला."

बहीण मटकन खाली बसली. मुलगा जिंकला होता, पण त्याचा चेहरा काही जिंकल्यासारखा नव्हता. "मग सोमवारी..." एवढंच तो म्हणाला.

बाई मात्र संगणकासमोरून उठेनात. "थांबा जरा. ओळखण्याचं राहू दे बाजूला. डोळे उघडे असले आणि चित्र बदललं, तर मेंदूच्या मागच्या भागात हालचाल व्हायलाच हवी. नुसतं बघण्याचा भाग आहे तो. तोसुद्धा चित्रांबरोबर हलत नाही? डोळे तर चांगले आहेत त्यांचे!"

आणि मग बाईंनी जे केलं, ते याआधी कधी केलं नव्हतं. चपला काढल्या, घड्याळ काढलं, आणि अप्पांच्या जागी स्वतः येऊन झोपल्या. टेक्निशियननी त्यांना आत सरकवलं. बाईंनी माझ्यात पाहिलं. पडदा नव्हताच. खिडकी होती, आणि खिडकीशी उभी राहून, डोळे पुसत, काय चाललंय ते बघणारी अप्पांची मुलगी होती.

"अहो, बाहेर काढा मला! आरसा पायाकडे आहे!"

टेक्निशियननी जीभ चावली. बाई तडक भावंडांपुढे गेल्या. "चूक आमची आहे. तुमच्या वडिलांना आम्ही एकही फोटो दाखवलेला नाही. मघाशी मी जे बोलले, त्याला काहीही अर्थ नाही. त्यांना थोडी विश्रांती देऊ आणि परत करू. चालेल?"

मुलगाच आधी म्हणाला, "करा."

या वेळी बाईंनी मला स्वतःच्या हातानं वळवलं, मऊ कापडानं पुसलं, आणि वाकून पडदा दिसतो का ते पाहिलं. पुन्हा धडधड सुरू झाली. अप्पांचे डोळे माझ्यात उघडे होते. मला याहून जास्त काही दिसत नाही, मित्रांनो. आतलं मला कळत नाही.

यंत्राला कळलं. चित्र बदललं की मागचा भाग हलत होता. परके चेहरे आले की थोडंसं काही व्हायचं, आणि मुलाचा किंवा मुलीचा चेहरा आला की कितीतरी जास्त. पुढे नीट हिशेब केला, तेव्हाही तेच निघालं.

"म्हणजे भरवताना त्यांना मी... मी कळत होतो?" मुलानं विचारलं.

"तुमचा चेहरा त्यांना परका नाही, एवढं मी सांगू शकते. बोलणं किती समजतं, ते मला माहीत नाही."

"मी त्यांच्यासमोरच सगळं बोलायचो हो," तो म्हणाला. "सुटले तर बरं, असंसुद्धा बोललो एकदा." आणि तो ढसाढसा रडला. बहिणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अप्पा अजून माझ्याखालीच होते, बोगद्याबाहेर. टेक्निशियननी मला हळूच पायाकडे वळवलं. मुलगा आत येऊन समोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा माझ्यात आला.

"अप्पा," तो म्हणाला, "दाढी किती वाढलीय तुमची! घरी चला, मी करून देतो."

अप्पांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. हलायला हवं होतं, असंही या वेळी कुणी म्हणालं नाही.

"आणि सोमवार?" बहिणीनं विचारलं.

"नाही न्यायचं कुठे. पण तू दर रविवारी यायचंस. मला एक दिवस तरी श्वास घेऊ दे."

"येते रे. दर रविवारी येते."

मित्रांनो, आता माझ्या कडेला दोन रंगांच्या चिकटपट्ट्या आहेत, एक डोक्याकडची, एक पायाकडची. ओरखडा आहे तिथेच आहे. लवकरच नवा आरसा येईल म्हणतात, येऊ दे. त्यालाही मऊ कापडानंच पुसा, एवढं मागणं आहे. आणि एक सांगतो. गप्प पडून असलेल्या माणसाबद्दल 'याला काही कळत नाही' असं म्हणायच्या आधी, बाईंसारखं एकदा त्याच्या जागी झोपून बघा. आपण त्याला काय दाखवतोय, ते आधी पाहा.