गोधडीवरचे माझे टाके

मित्रांनो, मी सुरतेतल्या गोडादरा वस्तीतल्या एका खोलीतली जुनी शिलाई मशीन आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे.

धुळ्याहून सुरतेला आल्यावर प्रमिलाबाईंनी मला विकत घेतलं आणि दाराजवळ उजेडात मांडलं. बारा वर्षं आम्ही दोघींनी साड्यांना फॉल लावले. दसऱ्याला मला हळदकुंकू, झेंडूची माळ. शेजारणी माझं कौतुक करून थकायच्या नाहीत.

गेल्या वर्षी बाईंचे यजमान काशिनाथभाऊ सुरतेजवळ कडोदऱ्याला ज्या कापड विणायच्या लूम कारखान्यात कामाला आहेत, तिथे आग लागली. भाऊ सुखरूप घरी आले, पण बाईंच्या मनात बसलेली भीती काही गेली नाही. भाऊ ड्युटीवर गेले की त्यांची छाती धडधडायची, हात थरथरायचे. माझी खडखड तर त्यांना सोसेचना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हाताने काहीतरी आवडीचं करत बसा.

बाईंनी काय काढावं? सुई आणि गोधडी. निळ्या चिंधीशेजारी पिवळी शोभेल की हिरवी, यावर विचार करायचा आणि मग एकेक टाका घालत धावदोरा ओढायचा. एका ओळीला अर्धी दुपार. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची. मी बघता बघता हातभर शिवते, आणि मान त्या बोटभर सुईला. माझ्यावर मात्र धुतलेल्या कपड्यांचा ढीग. गोधडी मांडीवर असली की बाईंचा श्वास संथ व्हायचा, हेच मला जास्त झोंबायचं.

एकदा बाई बाजारात गेल्या. त्यांच्या मुलीला, हर्षदाला, वाटलं मम्मीला मदत करावी. या घराला माल वेळेत द्यायची सवय. अर्धवट शिवण दिसली की इथे कुणाचेही हात शिवशिवतात. तिने गोधडी माझ्यावर घेतली. मी अशी धावले की उरलेल्या सगळ्या ओळी तासाभरात संपवल्या. म्हटलं, जिरवली सुईची.

बाई आल्या. "मम्मी, जो ना, बघ, पूर्ण झाली," हर्षदा म्हणाली.

बाई गोधडी धरून उभ्याच राहिल्या. भाऊ यायला अजून चार तास होते. आणि बाईंच्या हाताला घालायला एक टाकाही उरला नव्हता.

"माले कोठे घाई व्हती, बेटा?" एवढंच म्हणाल्या. हर्षदाचा चेहरा उतरला.

मग बाईंनी ब्लेड घेतलं आणि माझे टाके उसवायला बसल्या. हर्षदा शेजारी बसून दोरे वेचू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिसऱ्या ओळीला बाईंचा श्वास संथ झाला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्या टाक्यांवर झाला.

मित्रांनो, घरात कुणी मन शांत करायला काही शिवत, विणत, रंगवत बसलं असेल, तर ते पटकन संपवून देऊ नका. नुसतं शेजारी बसा. सुईचा मला अजून राग येतो. पण उसवायच्या चार ओळी उरल्या आहेत, आणि त्या माझ्या आहेत.