प्रश्न चौदावा

बायका तिला मास्तरीण म्हणायच्या. ती शिकली होती चौथीपर्यंत. पण लाकडी नमुना हातात धरून कंडोम कसा चढवायचा, हे ती नऊ वर्षं शिकवत आली होती, म्हणून ते नाव पडलं. बसस्थानकामागच्या त्या तीन मजली इमारतीत एकोणचाळीस बायका धंदा करत. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तिने स्वतः अकरा वर्षं काढली होती. एड्सबद्दल बायकांशी बायकांनीच बोलावं असं त्या भागात काम करणाऱ्या एका संस्थेला वाटलं आणि त्यांनी तिला नोकरीवर घेतलं.

पहिली दोन वर्षं तिच्याशी कुणी खरं बोललंच नाही. "वापरतो ना, मास्तरीण," असं सगळ्या म्हणायच्या आणि खाटेखालचे कंडोमचे खोके न फोडलेले असायचे. मग तिने शिकवणं कमी केलं. दुपारी कुणाच्या तरी उंबऱ्यात बसायचं, लसूण सोलू लागायचं आणि आपण कुठे कुठे चुकलो ते आधी सांगायचं. "मला एवढंच द्या," ती म्हणायची, "खोटं बोलू नका. चुकलात तरी मी रागावणार नाही. पण मला कळलंच नाही तर मी करणार काय?"

हळूहळू बायका बोलायला लागल्या. अमका गिऱ्हाईक दुप्पट पैसे देऊन नको म्हणतो, तमका दारू पिऊन ऐकत नाही. कळलं की इलाज करता येई. दारुड्याला दारातूनच परत पाठवायला ती मालकिणीला पटवायची. जिचं चुकलं तिला मंगळवारी संस्थेच्या दवाखान्यात स्वतः घेऊन जायची. पूर्वी त्या इमारतीत दर वर्षी तीन-चार बायकांना लागण व्हायची. गेल्या तीन वर्षांत मिळून एकीलाच झाली होती.

सगळ्यांत जास्त बोलायची ती तिसऱ्या मजल्यावरची बोलकी. तेवीस वर्षांची, तोंडाला कुलूप म्हणून नाही.

त्या वर्षी निधी देणाऱ्यांनी सर्व्हे केला. दोन तरुण मुली हातात टॅब घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. एकूण बावीस प्रश्न होते. चौदावा असा: गेल्या महिन्यात प्रत्येक वेळी कंडोम वापरला का?

"प्रत्येक वेळी?" बोलकी म्हणाली. "नाही बाई. दोनदा राहिला. एकदा तो फाटला आणि एकदा मीच कंटाळले होते. दुसऱ्या दिवशी मास्तरणीला सांगितलं की."

मुलीने 'नाही' वर बोट ठेवलं.

पंधरा दिवसांनी संस्थेच्या सरांनी मास्तरणीला बोलावलं. सर माणूस वाईट नव्हता. एकदा पगार अडले तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी विकली होती. टेबलावर अहवाल पडला होता.

"चौदाव्या प्रश्नाला 'हो' एकसष्ट टक्के," सर म्हणाले. "नदीपलीकडच्या संस्थेचे शहाण्णव आहेत."

"तिकडच्या बायका खोटं बोलतात, सर. उत्तर काय द्यायचं ते त्यांना आधी सांगून ठेवलं होतं."

"मला ठाऊक आहे."

"मग तसं कळवा ना."

"कळवलं. बाई, निधीच्या कचेरीत बसलेल्या माणसालाही वर आकडाच पाठवायचा असतो. तो म्हणतो, नऊ वर्षं पैसे दिले आणि वर्तनात बदल एकसष्ट टक्के?" सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कशीबशी एक संधी मागून घेतली आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा सर्व्हे होईल. नव्वदच्या खाली आलो तर निधी बंद. मंगळवारचा दवाखाना पण बंद."

"मी त्यांना खोटं बोला म्हणून नाही सांगणार."

"नका सांगू," सर म्हणाले. "पण मग दुसरं काय करायचं ते सांगा."

ती उठली. घरी लेक शिवणयंत्रावर बसली होती. आईने सगळं सांगितलं तेव्हा तिने पाय थांबवला नाही. "एका प्रश्नाला हो म्हणायचं, एवढंच ना? त्यात कुणाचं काय जातं?"

मास्तरीण तीन दिवस घरीच राहिली. चौथ्या दिवशी तिने खोलीखोलीत जाऊन सांगितलं, चौदाव्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं. बायका हसल्या. बोलकी तेवढी हसली नाही.

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"त्यांच्याशी. माझ्याशी नाही."

"ते उत्तर शेवटी तुझ्याच हापिसात येतं ना?"

"येतं."

"बरं," बोलकी म्हणाली. तेवढंच.

सत्त्याण्णव टक्के आले. तीन वर्षांचा निधी मंजूर झाला. निधी देणाऱ्या बाई स्वतः आल्या, भाषण केलं, आणि मास्तरणीला पुढे उभं करून फोटो काढला. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती उंबऱ्यात बसली की बायका आधी चेष्टेने म्हणायच्या, "हो हो, प्रत्येक वेळी." तीही हसायची. महिन्याभरात चेष्टा संपली, उत्तर तेच राहिलं. विचारण्याआधीच द्यायच्या. लसूण सोलून व्हायचा आणि ती उठायची. बोलकीच्या खाटेखाली पुन्हा न फोडलेला खोका दिसला. तिच्याकडे एक फिटर नेमाने यायला लागला होता, तिला लग्नाचं म्हणत होता, एवढं मालकिणीकडून कळलं.

"मला खरं सांग," मास्तरीण म्हणाली.

"खरंच सांगते. प्रत्येक वेळी," बोलकीने भिंतीकडे बघत म्हटलं.

आठ महिन्यांनी एका मंगळवारी बोलकी दवाखान्यातून बाहेर आली आणि बाकावर मास्तरणीच्या शेजारी बसली. "निघालं," ती म्हणाली. "माझ्या रक्तात."

मास्तरीण म्हणाली, "मला सांगायचंस गं. मी त्या फिटरला तपासायला नेलं असतं. काहीतरी केलं असतं."

"एकदा आले होते सांगायला. जिन्यात तू सरांबरोबर होतीस. ते म्हणत होते, या खेपेलाही आकडा टिकला पाहिजे. तू मान हलवलीस." बोलकी ओढणीचं टोक गुंडाळत होती. "म्हटलं, मी एकटीने कशाला बिघडवायचं."

त्या संध्याकाळी मास्तरणीने सरांना सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, तारीख कुठली होती, म्हणजे ती केस कुठल्या तिमाहीत धरायची.

ती उठून आली. नोकरी मात्र तिने सोडली नाही. सोडली असती तर बोलकीच्या गोळ्या आणायला कुणीच नव्हतं. दर महिन्याला ती पाकीट घेऊन तिसरा मजला चढते. बोलकी दार अर्धं उघडते, पाकीट घेते, "बरी आहे" म्हणते आणि दार लावते. मास्तरीण थोडा वेळ तिथेच उभी राहते. आतून काहीच आवाज येत नाही.