आरोहीच्या वाटणीची गाबोळी

मित्रांनो, मी देवबागच्या काशीबाईची आदोळी. तुम्ही मला विळी म्हणाल. म्हणा बापडे, पण भाजी चिरणाऱ्या विळीच्या पंगतीला मला बसवू नका. मी मासे कापते. एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले, फणसाच्या पाटावर बसवले आणि काशीबाईच्या लग्नात मी तिच्याबरोबर या घरी आले.

सुरमईचे काप असोत की कोळंबीची डोकी, माझ्यापुढे कोणाचे काही चालत नसे. पाहुणे काशीबाईच्या हाताचे गुण गात. माझे नाव कोणी घेत नसे, पण ती मला धुऊन, पुसून, खोबरेल लावून ठेवी. आता बाजारात मासे कापूनच मिळतात. तिची सून नम्रता सुरी वापरते. मी कोपऱ्यात गंज खात पडून असते. मुलगा होडीवरून ताजे मासे घेऊन आला, की मात्र काशीबाई मलाच पुढे ओढते.

गेल्या हंगामात असेच बांगडे आले, पोटात गाबोळी असलेले. गाबोळी म्हणजे माशाची अंडी. आमच्या घरात ती नेहमी लहानग्याच्या वाटणीची. काशीबाईने बांगड्याचे पोट फाडले आणि पिवळसर दाणे तिच्या तळहातावर ओघळले.

"ही गाबोळी आरोहीची. दुसऱ्या कोणी हात लावूचो नाय हां!" तिने बजावले. आरोही म्हणजे तिची सहा वर्षांची नात.

तेवढ्यात एक दाणा माझ्या धारेखालून निसटला. मला खटकले. गाबोळीचा दाणा निसटत नाही, फुटतो. पण आदोळीचे तोंड कापण्यासाठी, बोलण्यासाठी नव्हे. काशीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बोटांवर तिचा फार विश्वास. तिने सगळे दाणे गोळा केले, हळद, मीठ, तिखट लावले आणि तव्यावर सोडले.

आरोही ताट घेऊन तयारच होती. तिने पहिला घास तोंडात घातला आणि दातांत धरून ओढला. घास तुटेना. त्याची लांबच लांब तार निघाली.

"आजये, बघ मगे, कशी लांबता ती! पिझ्झावरच्या चीजासारखी!" पोर खिदळत होती.

नम्रता धावत आली. "थुक ता, आरोही! गिळू नको!"

"अगो, गाबोळीच ती," काशीबाई चिडली. "माझो जल्म गेलो माशांत. माका गाबोळी कळूची नाय?"

नम्रताने तवा तिच्यापुढे धरला. अर्धे दाणे तडतडून फुटले होते. उरलेले वितळून तव्याला चिकटले होते आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता. प्लॅस्टिकच्या वस्तू बनवायला जे बारीक गोल दाणे वापरतात, जहाजांवरून समुद्रात सांडलेले ते दाणे होते ते. बांगड्याने अंडी समजून गिळले आणि काशीबाईने गाबोळी समजून तळले.

"मी माझ्या हातान नातीक प्लॅस्टिक भरवी होतंय गो!" काशीबाईने आरोहीपुढचे ताट ओढून घेतले.

मी एवढी वर्षे माशांची पोटे उघडली, पण असे काही बाहेर येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

नम्रता पोरीला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि घरी येऊन सासूला तिने सगळे सांगितले. आरोहीला काही झाले नव्हते. पण हे तर दिसणारे दाणे. खरी काळजी न दिसणाऱ्यांची. पिशव्या, बाटल्या, तुटकी जाळी उन्हापावसात झिजतात आणि त्यांचे कण मासे गिळतात. असे कण माणसाच्या रक्तातही सापडले आहेत. त्यांनी शरीरात सूज येते का, त्यांच्यातल्या रसायनांनी वाढीत बिघाड होतो का, याचा शोध अजून चालू आहे. मासे सोडू नका, पोट नीट साफ करून खा, असे डॉक्टरांनी सांगितले.

तेव्हापासून काशीबाई बोटाएवढ्या माशाचेही पोट काढते. पुढच्या आठवड्यात टोपलीभर तिसऱ्या आल्या. शिंपल्यांतले हे जीव समुद्राचे पाणी गाळून जगतात, आणि आपण त्यांना पोटासकट खातो. काशीबाई एकेक शिंपला माझ्या धारेवर उघडत होती. आरोही शेजारी उकिडवी बसली होती.

"आजये, ह्येंचा पोट कसा काढतलंस?"

काशीबाईचा हात थांबला. तिने शिंपल्याकडे पाहिले, नातीकडे पाहिले. मग टोपली उचलून तिने बाजूला ठेवली. त्या दुपारी समुद्र दारात असलेल्या घरात आरोही कुळथाची पिठी आणि भात जेवली.

मित्रांनो, आमच्याकडे माशांची घाण पिशवीत बांधून पिशवीसकट खाडीत फेकतात. तुम्ही फिरायला येता आणि कप, बाटल्या वाळूत टाकून जाता. हात जोडायला मला हात नाहीत, पण कळवळून सांगते, हे थांबवा. पाण्यात गेलेले प्लॅस्टिक मला कापून काढता येत नाही. आणि मला आरोहीच्या ताटात पुन्हा तिसऱ्या बघायच्या आहेत.