तिरळीचं साधन

तिरळीची लबाडी सांगितली तर मॅडम खूश होतील, खूश झाल्या तर शिफारस लिहितील आणि शिफारस वर गेली तर आठ वर्षांची हंगामी नोकरी एकदाची कायम होईल; पिंजऱ्यातलं पाणी पुसता पुसता रखवालदाराने हिशेब बसवला.

तिरळी म्हणजे मान तिरपी करून एका डोळ्याने बघणारी कावळी. नळीतला मांसाचा तुकडा तारेच्या आकड्याने ओढून काढायचा, असा मॅडमचा प्रयोग. बाकीचे कावळे तारेशी झटत. हिने तार पायाने बाजूला सारली आणि पाण्याचं भांडं उलथलं. रखवालदार पुसायला आत आला, खाऊचा डबा त्याने खाली टेकवला आणि हिने त्यातला तुकडा लांबवला. मग रोज तेच.

"आणि तुम्ही रोज डबा खाली ठेवत होतात?" मॅडमनी विचारलं.

"फडकं पिळायला दोन हात लागतात ना, मॅडम." तो हसला. "शिवाय बया हुशार आहे. कौतुक वाटतं."

"वहीत नोंद आहे?"

"तारीखवार. कधी सांडलं, मी किती वेळाने आलो, सगळं."

वही देताना त्याने तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

महिन्याभराने सभागृह भरलं. चाकोरीबाहेरचा विचार कसा करावा, हे माणसांनी कावळीकडून शिकावं, असं मॅडम सांगत होत्या. तो इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या दाराशी उभा होता.

"सगळे आकड्यातच अडकले. हिने दुसरंच साधन हेरलं." पडद्यावर तो होता, ओणवा, मानेपासून वरचा भाग कापलेला. "सुरुवातीला या साधनाला यायला वीस मिनिटं लागायची. सतराव्या दिवशी भांडं कलंडायच्या आत फडकं घेऊन हजर!"

सभागृह खो खो हसलं. शेजारच्याने त्याच्याकडे पाहिलं, म्हणून तोही हसला.

बाहेर त्याने मॅडमना गाठलं. "ते शिफारशीचं..."

"केली की! पुढच्या प्रयोगात माणूस नको, म्हणून लिहिलंय. खाली जाळी, खाऊला यंत्र. तुमच्या वहीमुळेच सुचलं हो."

मॅडमना वरची खुर्ची मिळाली, सभेला करमणूक. त्याची किंमत तिरळीने आणि रखवालदाराने भरली.

पिंजऱ्याच्या तळाला नवी जाळी बसली, त्या दिवशी किल्ली जमा करून तो बाहेर थांबला. तिरळीने भांडं उलथलं. पाणी जाळीतून निमूट खाली गेलं. मान तिरपी करून ती दाराकडे बघत राहिली. फडकं घ्यायला त्याचा हात सवयीने खांद्यावर गेला. तेही त्याने सकाळीच यादीप्रमाणे परत केलं होतं.