आखाडातलं कुसळ

तलवाड्याच्या गुरांच्या दवाखान्यात वनमाला देवकते यांनी सव्वीस वर्षं नोकरी केली, आणि तेवढ्या काळात अकरा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यांत मिळून चौदा खून झाले. बाजारात भेटणारी माणसं नमस्कार करायची सोडून विचारायची, "मॅडम, सध्या कुणाचा नंबर?" वनमालाबाई पिशवीतली मेथी सावरत म्हणायच्या, "तुमचाच विचार चालू हाय."

त्यांचे वडील सुंदरराव मेंढरं राखायचे. पोरगी बारावी झाली, गुरांच्या औषधपाण्याचं शिकली आणि सरकारी नोकरीला लागली. त्यांच्या धनगरवस्तीवरची नोकरी करणारी ती पहिलीच बाई. लिहिण्याचा मात्र घरात कुणालाच नाद नव्हता. तो लागला एका म्हशीमुळं.

झालं असं, की एका शेतकऱ्याची दुभती म्हैस सकाळी गोठ्याबाहेर मरून पडलेली सापडली. चुलतभावानंच विष घातलं म्हणून काठ्या निघाल्या. वनमालाबाईंनी म्हशीचा जबडा उघडून पाहिला, तर दाढेत ज्वारीची कोवळी पानं. दावं तोडून ती मालकाच्याच रानात शिरली होती. पावसानं ओढ दिली की कोवळी ज्वारी गुरांना विषासारखी बाधते. काठ्या खाली आल्या, दोन्ही घरांनी मिळून चहा पाजला. त्या रविवारी बाईंनी ती सगळी हकीकत वहीत लिहून काढली. लिहिता लिहिता म्हशीच्या जागी एक वकील आला, आणि पहिली कादंबरी तयार झाली.

चार प्रकाशकांनी ती परत पाठवली. पाचव्यानं छापली. "गुरं बोलत न्हाईत," बाई वाचकांना सांगायच्या, "त्यामुळं गोठा बघायचा, चारा हुंगायचा, आन् मालकाला शेवटी इचारायचं. कारण मालक खोटं बोलतो. माझं लिखाण त्याच्यातूनच आलंय."

त्यांचे पहिले वाचक म्हणजे त्यांचे यजमान शिवशंकर, एसटीत कंडक्टर. त्यांना एकाही कादंबरीतला खुनी आधी ओळखता आला नाही. ते चुकले की बाई खूश व्हायच्या आणि कागद टपालात टाकायच्या.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. मंडळी म्हणाली, मॅडम, आता एक नाटक लिहा, आपलीच माणसं करतील. बाईंनी तीन महिने घेतले आणि तीन अंकी नाटक लिहिलं. आखाडातल्या धो धो पावसात एका जमीनदाराचा खून होतो. संशय त्याच्या मुनीमावर येतो, भावावर येतो, आणि शेवटी कळतं, खुनी आहे सटवा धनगर. पहिल्या अंकापासून प्रेक्षकांना हसवणारा, सगळ्यांचा लाडका सटवा. कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा शेवट. शिवशंकररावांना अर्थातच आला नाही. त्यांनी जमीनदाराच्या स्वयंपाकिणीवर बोट ठेवलं होतं.

रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानात मंडप भरला. इन्स्पेक्टरच्या भूमिकेत शाळेतले रामेश्वर गुरुजी होते आणि मुनीम झाला होता औषधांच्या दुकानाचा हरिओम. पुढच्याच रांगेत बाईंची चुलती छबुबाई बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेली. नाटक ती पहिल्यांदाच बघत होती.

पहिला अंक टाळ्यांत गेला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी रामेश्वर गुरुजींनी प्रेताजवळ सापडलेली घोंगडी वर धरली. तिच्यातून एक कुसळ ओढून काढलं आणि गरजले, "हे कुसळ सांगतंय, खुनी गवताळ रानातून आलाय! ही घोंगडी आहे सटवाची!"

 तेवढ्यात पुढच्या रांगेतून छबुबाई उठून उभी राहिली.

"ओ सायब! आखाडात कुसळं कुठून आली वो?"

रामेश्वर गुरुजींनी विंगेत पाहिलं. असलं वाक्य संहितेत नव्हतं.

"आखाडात गवत हिरवंगार असतंय," छबुबाई म्हणाली. "कुसळं धरत्यात दिवाळीच्या फुडं, गवत वाळल्यावर. सटवा तर रोज पावसात भिजतोय. त्येच्या घोंगडीत गेल्या सालचं कुसळ ऱ्हाईल का? ही घोंगडी कुणीतरी पेटीत ठिवलेली हाय."

"बस की म्हातारे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कावून बसू? गरिबाला फाशी द्यायला निघालेत, आन् मी बसू? त्यो मुनीम मगाशी काय म्हनला? संक्रातीला सटवानं घोंगडी दिली, मला लोकर चावती, तशीच पेटीत टाकली. म्हनला का न्हाई? मंग धरा त्याला!"

हे वाक्य मुनीम खरंच बोलला होता. बाईंनी ते लोकांना हसवायला म्हणून घातलं होतं. मंडपात एकच कालवा उठला. "बरोबर हाय! मुनीमच हाय!" पडदा पटकन पाडावा लागला.

विंगेत वनमालाबाई खुर्चीवर बसल्या होत्या.  अकरा कादंबऱ्या लिहिल्या, आणि ज्या रानात लहानपण गेलं तिथलं कुसळ कधी धरतं हे त्या विसरल्या होत्या. दुसरीही एक गोष्ट मनाला लागली. शेवट धक्कादायक व्हावा म्हणून त्यांनी आपल्याच बापासारख्या माणसाला खुनी केलं होतं, आणि ते करताना जरासुद्धा अडखळल्या नव्हत्या.

"मॅडम, आता काय?" रामेश्वर गुरुजींनी विचारलं.

बाई उठल्या. "लोकांना चहा द्या. मला अर्धा तास पायजे. खुनी मुनीम."

हरिओम हातच जोडून उभा राहिला. "ताई, आसं नका करू. कालच माझी सुपारी फुटलीय. सासू-सासरे तिसऱ्या रांगेत बसलेत!"

"हरिओम, तू खून केलेला न्हाईस."

"ते मला माहीत हाय, ताई. त्यांना कुठं माहीत हाय?"

शेवटी शिवशंकरराव त्याला म्हणाले, "अरे, खुनी झालास तर शेवटचं भाषण तुझं असतंय. सटवाला मग काय बोलायचंच न्हाई." हरिओमनं क्षणभर विचार केला आणि पगडी नीट केली.

तिसरा अंक अर्ध्या तासात लिहिला गेला, आणि पाठांतराला वेळच नसल्यानं रामेश्वर गुरुजींनी तो पंचनाम्याच्या फायलीत ठेवून, तपास करतोय असं दाखवत वाचला. हरिओमचं भाषण मात्र त्याच्या मनचंच होतं. घोंगडी हातात घेऊन तो असा काही रडला, की पुढच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. नाटक संपल्यावर त्याच्या सासऱ्यानं स्टेजवर चढून त्याला मिठी मारली आणि व्याह्यांना सांगितलं, "पोरगं लई गुणाचं हाय."

वनमालाबाई मंडपात उतरल्या त्या थेट छबुबाईकडं गेल्या. म्हातारी जरा घाबरलेलीच होती.

"वने, तुझा लई इचका केला का गं मी?"

"काकू, तुमी नसता तर इचका झाला असता," बाई म्हणाल्या आणि तिच्या पाया पडल्या.

तेव्हापासून नियमच झाला. नवं प्रकरण लिहून झालं, की दुपारच्याला बाई चुलतीच्या ओट्यावर बसून ते वाचून दाखवतात. छबुबाईला अक्षर येत नाही, पण तिला फसवणं अवघड. "ह्यो पावना भर उन्हात तीन कोस चालत आला, आन् पानी न मागता बोलाय लागला? मला न्हाई पटत," असं म्हणून तिनं बाराव्या कादंबरीतलं एक अख्खं प्रकरण पाडलं. कादंबरी त्यामुळं सुधारली. शिवशंकररावांची पहिल्या वाचकाची नोकरी मात्र शाबूत आहे. छबुबाईला पटणं आणि त्यांना न ओळखता येणं, दोन्ही जमलं तरच कागद टपालात पडतात.

नाटकाचे सतरा प्रयोग झाले. युसूफ वडगावला तर लोक झाडावर बसले होते. आष्टीच्या प्रयोगाला छबुबाईही गाडीत बसून गेली. जाताना वनमालाबाईंनी तिच्याकडून शपथ घेतली, की मध्येच उठायचं नाही आणि कुणाला काही सांगायचं नाही.

दुसरा अंक संपला. इन्स्पेक्टरनं कुसळ वर धरलं होतं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं छबुबाईला कोपरानं ढोसलं. "मावशे, कोन आसंल गं?"

छबुबाईनं ओठ घट्ट मिटले. कडेला उभ्या वनमालाबाई तिच्याकडंच बघत होत्या. म्हातारीनं कमरेची चंची काढली, पानाला सावकाश चुना लावला, सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बघ की," ती म्हणाली. "आजून लई हाय."