एस्टिलची फुफ्फुसं

एस्टिल कोम्ब्सने जन्मात सिगारेट ओढली नाही. आमच्या कोळशाच्या खाणीत आत काडी पेटवणाऱ्याला आम्हीच बदडून बाहेर काढलं असतं. एका ठिणगीने सगळ्यांची राख झाली असती. म्हणून आम्ही तंबाखू चघळायचो. एस्टिलची पिचकारी फुलझाडांवर पडली की त्याची बायको लोरीन अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असं त्याला झोडायची. पण सिगारेट नाही.

तरी कंपनीच्या डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि निदान केलं, सिगारेटचा धूर. एस्टिल हसायला गेला आणि खोकतच सुटला. त्यानंतर ज्या ज्या डॉक्टरकडे तो गेला त्या प्रत्येकाने मागच्याचं वाचलं आणि तेच पुढे उतरवलं. एस्टिल सांगायचा, "अहो, मी ओढतच नाही." ते मान डोलवायचे. दारुड्या आपण पीत नाही म्हणतो तेव्हा डोलवतात तशी.

विद्यापीठाच्या मोठ्या इस्पितळाची माणसं आमच्या चर्चच्या तळघरात आली, तेव्हा म्हणूनच एस्टिल सगळ्यांत पुढे जाऊन बसला. बायकांनी घेवडा शिजवला होता, मक्याचा पाव केला होता. डॉक्टर व्हिटलो नावाची एक बाई फुफ्फुसांच्या विभागाची. तिच्याबरोबर डॉक्टर कुर्ट्झ, मेलेल्याचं शरीर उघडून कशाने मेला ते सांगणारा. बाई मनापासून बोलली. कोळशाचे थर पातळ झालेत, यंत्रं आता खडकच जास्त कापतात, त्या दगडाच्या धुळीने चाळिशीतली माणसं गुदमरताहेत. आजवर इस्पितळाचा प्रत्येक विभाग आपापला तुकडा बघायचा. आता सगळे विभाग एकत्र येऊन हे शोधणार. त्यासाठी मेल्यानंतर फुफ्फुसं द्यायला माणसं हवीत.

एस्टिलने विचारलं, "बाई, आत बघून कळतं का, धूर होता की दगड?"

"कळतं. दगडाचे कण तिथेच बसलेले असतात."

"मग माझी घ्या."

मागून आमच्याच खाणीतला रॉस्को ओरडला, "बाई, डोकंपण न्या त्याचं. रिकामंच आहे, ओझं नाही व्हायचं!"

"तुझं शोधायला त्यांना भिंग लागेल," एस्टिल म्हणाला. सगळे हसले, बाईसुद्धा. मग तो तिच्याकडे वळला. "एक अट आहे. जे निघेल ते लोरीनला तोंडावर सांगायचं, आणि सही करून लिहून द्यायचं. ज्याने मेलो त्याच्याच नावावर माझं मरण लागलं पाहिजे."

"शब्द देते," व्हिटलोबाई म्हणाली. कुर्ट्झनेही मान हलवली. मी शेजारीच बसलो होतो.

एस्टिल मार्चमध्ये गेला. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या. मृत्यूच्या दाखल्यावर आमच्या जिल्ह्याच्या कचेरीतल्या माणसाने जुन्या कागदांत बघून कारण घातलं: दीर्घकाळ धूम्रपान.

आमच्याकडे माणूस पुरण्याआधी एक रात्र घरात ठेवतात. शेजारीपाजारी त्याच्याजवळ बसतात, गातात, खातात, त्याच्या खोड्या सांगतात. त्याला एकटं ठेवत नाहीत. पण फुफ्फुसं लवकर पोचायला हवी होती. चर्चच्या पाळकाच्या बायकोने लोरीनचा हात धरला. "अगं, रात्र तरी बसू दे गं त्याच्यापाशी. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी त्याला आयुष्यभर सिगारेट पाजली," लोरीन म्हणाली. "आता काय म्हणायचं ते म्हणू देत. हॉबर्ट, तू जा त्याच्याबरोबर. एकटा नको सोडूस."

मग मी शववाहिकेत व्हर्जिलच्या शेजारी बसलो. व्हर्जिल आमच्या गावचा अंत्यविधीवाला. त्याने निघण्याआधी इस्पितळात फोन केला होता आणि तिकडून कुणीतरी "आणा" म्हणालं होतं.

इस्पितळाच्या मागच्या बाजूला, जिथे सामानाच्या गाड्या लागतात तिथे, आम्ही पोचलो. पहारेकऱ्याने विचारलं, "कुठल्या विभागाचा?"

"सगळ्यांचा," मी म्हणालो. "एकत्र आहे म्हणे."

"सगळ्यांचा असा रकाना नाही माझ्या कागदावर, काका. एक सांगा."

त्याने कुर्ट्झच्या विभागात फोन लावला. ते म्हणाले, रुग्ण फुफ्फुसवाल्यांचा, त्यांनी आधी ताब्यात घ्यावा. फुफ्फुसवाले म्हणाले, शरीर उघडायचं काम कुर्ट्झकडचं, आम्ही कसे ताब्यात घेणार? व्हर्जिल गाडीला टेकून आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. पावाची गाडी आली, तिला वाट द्यायला आम्ही एस्टिलला मागे घेतलं. मग धुण्याची गाडी आली. पुन्हा मागे घेतलं.

शेवटी दोन्ही डॉक्टर खाली आले, दोन वेगवेगळ्या दारांतून. तेव्हा कुठे मला सगळं कळलं. जो विभाग शरीर ताब्यात घेणार, ते त्याचं होणार. आणि ज्याचं ते असेल त्याचं नाव शोधनिबंध छापताना आधी येणार. कुणाचं आधी हे त्यांचं ठरलं नव्हतं. त्यासाठी गुरुवारी बैठक होती.

"मी सही केली तर उद्या तुम्ही म्हणाल, आम्ही तुमच्या हाताखाली काम केलं," व्हिटलोबाई म्हणाली.

"आणि मी केली तर तुम्ही म्हणाल, आम्ही तुमचा रुग्ण पळवला," कुर्ट्झ म्हणाला. "डीनसाहेबांनीच सांगितलंय, ठरेपर्यंत थांबा."

"डीनसाहेबांना थांबायला काय जातं? पेटीतला बर्फ वितळतोय," व्हर्जिल म्हणाला.

मी म्हणालो, "डॉक्टर, गाडीत माणूस आहे."

व्हिटलोबाईचा चेहरा लाल झाला. मग ती कुर्ट्झला बाजूला घेऊन गेली. परत आली ती मोकळी होऊन. मार्ग निघाला होता. डावं फुफ्फुस तिच्याकडे, उजवं कुर्ट्झकडे. दोन्ही विभागांची सही, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. त्यांनी माझ्यासमोर हात मिळवले. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. काय झालं ते मलाही तेव्हा समजलं नाही.

एस्टिलला परत आणला आणि तसाच सरळ दफनभूमीवर नेला. त्याच्यापाशी कुणी बसलं नाही.

लोरीन वाट बघत राहिली. फोन केला की "काम चालू आहे." उन्हाळा चढला तेव्हा ती म्हणाली, "हॉबर्ट, गाडी काढ." माझाही दम आता पायऱ्यांवर अडत होता, पण गेलो.

आधी कुर्ट्झ. तो सभ्यपणे बोलला. उजव्या फुफ्फुसात बरंच काही आहे. पण मरणाचं कारण एका फुफ्फुसावरून लिहून देणं शास्त्राला धरून नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवीत. डावं वरच्या मजल्यावर आहे.

वरच्या मजल्यावर व्हिटलोबाईने लोरीनला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शब्द न शब्द तेच सांगितलं. उजवं खालच्या मजल्यावर आहे.

"मग जिना आहे की मध्ये," लोरीन म्हणाली.

"तसं नाही, मिसेस कोम्ब्स. एकत्र बघितलं की त्याचा एकत्र निष्कर्ष होतो. तो कुणाच्या नावाने आधी छापायचा—"

"एस्टिलचं नाव कुठे येतं?"

बाई हळूच म्हणाली, "देणाऱ्यांचं नाव नसतं. क्रमांक असतो."

आम्ही बाहेर पडलो. लिफ्टपाशी उभे होतो तेव्हा ती धावत आली. आजूबाजूला बघून खालच्या आवाजात म्हणाली, "दगड आहे. मी स्वतः बघितलंय. भरलंय ते नुसतं. मला वाटलं, तुम्हाला कळायला हवं."

लोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बाईचा हात धरला. "देव तुमचं भलं करो. चला, तेवढं लिहून द्या."

"आज नाही देता येणार."

"एवढंच लिहा, दगड. एकच शब्द. खाली सही."

"माझी नोकरी आहे, मिसेस कोम्ब्स. बैठक पुन्हा पुढे ढकललीय, आता पुढच्या महिन्यात आहे."

लोरीनने हात सोडला. "मला दगड होता हे माहीत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? चाळीस वर्षं त्याची दगडाच्या धुळीने मळलेली चादर मी धुतली. मला कशाला कानात सांगता? ज्यांनी धूर लिहिला त्यांना सांगा." लिफ्टचं दार उघडलं. ती आत गेली आणि वळून म्हणाली, "तुम्हा दोघांचं मिटेपर्यंत माझा नवरा सिगारेट ओढत राहणार."

दार बंद होईपर्यंत बाई तिथेच उभी होती.

परतीच्या वाटेवर लोरीनने गाडीची काच खाली घेतली आणि बाहेर बघत राहिली. आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी दफनभूमीचा फाटा लागतो. जाताना तिनेच सांगितलं होतं, येताना तिथे थांबायचं. मी वेग कमी केला.

"चल पुढे," ती म्हणाली. "त्याला जाऊन काय सांगू?"