नाताळाची डेग आणि सुमनताईंचं पातेलं

मित्रांनो, माळ्यावर गोधड्यांच्या गाठोड्याशेजारी एक काळंकुट्ट धूड उपडं पडलेलं दिसतंय ना, ती मी. मी एक जुनी तांब्याची डेग आहे. काळी आहे ती बाहेरून, आणि त्याची मला मुळीच लाज नाही. चुलीवर आयुष्य काढलेल्या भांड्यानं गोरं दिसूच नये. पोटात मात्र मी पांढरीशुभ्र असते. म्हणजे असायला हवी. त्या पांढरेपणावरून एका नाताळाला आमच्या घरात काय झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला, १९६२ सालचा. सपाट पत्र्याला ठोकून ठोकून तांबटानं मला गोल केलं. ठोके खाताना जीव नकोसा होतो, पण अंगाला बळकटी येते ती त्यामुळेच. मग मला तापवून, आत नवसागराची पूड टाकून, वितळलेलं कथील कापडानं फिरवलं. हीच कल्हई. तांब्याला आंबट सोसत नाही, मित्रांनो. कल्हई उडालेल्या भांड्यात दही, चिंच, लिंबू ठेवलं की अन्न हिरवं-निळं पडतं, कळकतं. ते खाल्लं तर उलट्या होतात. म्हणून वरचेवर कल्हई करून घ्यावी लागते, आणि कल्हईवाला मुद्दाम हाक मारत दारावर येतो. निदान तेव्हा यायचा.

मला विकत घेतलं अर्जुनरावांनी. ते नेवाशाकडचे. पिंपरीच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागले होते, अन् पहिल्याच बोनसला मला सायकलला बांधून घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, सोजरबाईंनी, मला बघून कपाळावर हात मारला.

"दोन माणसांच्या घरात एवढी डेग? हिच्यात जेवणारी माणसं कुठनं आणायची?"

"येतील की," अर्जुनराव म्हणाले.

आणि आली. दोघंही ख्रिस्ती. नाताळाला कामगारांच्या खोल्यांच्या सगळ्या रांगेला जेवायला बोलवायचं, हा सोजरबाईंचा शिरस्ता. जालन्याकडच्या कस्तुराबाईंचं कुटुंब सर्वांत आधी येऊन बसायचं. भैरू वेल्डर यायचा, त्याचे गाववाले यायचे. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सुमनताई तेवढ्या यायच्या नाहीत. त्यांचं मी पुढं सांगते.

त्या काळी सोजरबाई कंपनीच्या एका परदेशी साहेबांच्या बंगल्यावर कामाला जात. साहेबांच्या बाईंनी परसात टर्की पाळले होते. टर्की म्हणजे मोठा थोरला, फुगणारा, लाल गळ्याचा कोंबडा. नाताळाला त्यातला एक शिजायचा. आदल्या दिवशी तो मिठाच्या पाण्यात बुडवायला बंगल्यात एवढं मोठं भांडं नव्हतं, म्हणून मला उसनी नेत. तेव्हा मी ती पद्धत डोळ्यांनी पाहिली. बाई त्याच्या पोटात पाव अन् कांदा भरून दोऱ्यानं शिवायच्या, अंगाला लोणी चोपडायच्या आणि विजेच्या भट्टीत ठेवायच्या. मग दार उघडून चमच्यानं त्याचंच तूप त्याच्यावर ओतायच्या. दार लावायच्या, पुन्हा उघडायच्या. अहो, एका पक्ष्याचे किती ते लाड! मी आपली ओट्यावर रिकामी बसून वास घ्यायची. त्या भट्टीचा मला भारी हेवा वाटायचा.

साहेब मायदेशी परतले तेव्हा बाईंनी टर्कीची एक जोडी सोजरबाईंना दिली. रांगेत नुसती करमणूक झाली. कंपनीचा भोंगा झाला की तो नर मान वर करून गडगडायचा. सकाळच्या शिफ्टचा भोंगा, दुपारचा, सगळ्यांना त्याचं उत्तर ठरलेलं. भैरू म्हणायचा, "राव, ह्याचं पण कार्ड पंच करा!" अंडी उबवली, पिल्लं झाली, आणि दर नाताळाला एक पक्षी माझ्या वाट्याला येऊ लागला.

आमच्याकडे कुठली विजेची भट्टी? सोजरबाईंनी आपली पद्धत काढली. तळाला तूप, कांद्याचे मोठे काप, त्यावर आलं-लसूण लावलेला अख्खा टर्की, घोटभर पाणी. झाकणाची कड कणकेनं लिंपायची, खाली मंद जाळ आणि झाकणावर निखारे. वरून खालून सारखी धग. कणीक फोडल्यावर जो वास सुटायचा, त्यानं रांगेतली माणसं बोलवायच्या आधीच यायची. ती शाबासकी माझी होती, उगाच विनय कशाला दाखवू? पण खरं सांगायचं तर मांड्या रसाळ व्हायच्या आणि छाती कोरडी पडायची. भैरू घास तोंडात धरून म्हणायचा, "वहिनी, पानी द्या." मग सल्ले सुरू. कस्तुराबाई म्हणायच्या, तुकडे करून येसराचा मसाला घाला. कुणी म्हणे, आधी उकडा मग तळा. सोजरबाई हटून बसायच्या. "बंगल्यावर अख्खा मांडायचे. माझ्या घरी बी अख्खाच."

आता सुमनताई. त्या आणि त्यांचे मालक हिंदुराव साताऱ्याकडचे, मुलगी इंद्रायणी. माणसं वाईट नव्हती. नळावर सुमनताई सोजरबाईंचा हंडा आपल्या हातानं उचलून देत. दिवाळीला फराळाचं ताट येई. पण परत जाताना त्या ताटात सोजरबाईंनी काय घालायचं? अंडी, शेवग्याच्या शेंगा, पेरू. कच्चं, कोरडं. माझ्यात शिजलेलं भिंतीपलीकडे जात नसे. "आमच्यात चालत न्हाई," एवढंच सुमनताई म्हणत, तेही हळू आवाजात, खाली बघून. सोजरबाईंचं गावातलं घर वेशीबाहेरचं होतं, हे त्यांना माहीत होतं. गाव सुटलं, कंपनी आली, भोंगा आला, पण हे काही सुटलं नव्हतं. मला फार राग यायचा. त्या भिंतीवर जाऊन आदळावं असं वाटायचं. सोजरबाई मात्र दर नाताळाला त्यांच्या दारात जाऊन "या" म्हणून यायच्या, आणि परत आल्यावर चुलीत उगाचच जास्त फुंकर मारायच्या.

१९७४ च्या पावसाळ्यात सुमनताईंना विषमज्वर झाला. हिंदुरावांची शिफ्ट, इंद्रायणी लहान. सोजरबाई आपल्या छोट्या पातेल्यात पेज शिजवायच्या, आणि चमच्यानं त्यांना भरवायच्या. सुमनताईंनी डोळे मिटून ती घेतली. बऱ्या झाल्यावर बरेच दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, झालं, आजारपणातलं आजारपणात राहिलं. आणि मग डिसेंबरात नळावर, सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "सोजरबाई, यंदा नाताळाला आमची तीन पानं मांडा."

सोजरबाईंचा हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. घरी येऊन मला म्हणाल्या, हो, मलाच, "ह्या खेपेला छाती कोरडी पडता कामा न्हाई, बाई."

म्हणून नवी पद्धत ठरली. कस्तुराबाईंनी सांगितलं, रातभर दह्यात ठेवा, लिंबू पिळा, लोण्यावानी मऊ होईल. सल्ला चांगलाच होता. पण कल्हईवाला त्या वर्षी फिरकलाच नव्हता. घरोघर स्टीलची भांडी आली होती, त्याला बिचाऱ्याला कोण विचारणार? अर्जुनराव म्हणायचे, "रविवारी पुण्याला नेतो डेग." आणि रविवारी ओव्हरटाइम. माझ्या पोटात ठिकठिकाणी तांबूस डाग उघडे पडले होते. निखाऱ्यावरच्या तुपाकांद्याला ते चाललं असतं. दही-लिंबाला कसं चालावं? संध्याकाळच्या अंधुक उजेडात सोजरबाईंनी दही ओतलं, नर टर्की आत ठेवला आणि झाकण लावलं. मी ओरडत होते, मित्रांनो. पण डेगीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

नाताळच्या सकाळी झाकण उघडलं तर दह्याला हिरवी-निळी कड आलेली. सोजरबाईंनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या.

"कळकलं," त्या म्हणाल्या. "समदं कळकलं."

अर्जुनराव आले, वाकून बघितलं. "अगं, खळखळून धू. मसाल्यात काय कळतंय?"

"खुळे झालात का? इतकी वर्सं वाट बघितली. पैल्यांदा ती माझ्या घरात घास घेणार, अन् त्यो इखारी? लेकरू हाय तिच्यासंगं."

अर्जुनरावांनी पक्षी बाहेर काढला. फावडं घेतलं, पेरूच्या झाडाखाली खड्डा केला आणि तो पक्षी पुरला. सोजरबाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि शेजारी गेल्या. भिंत पातळ, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"सुमनताई, आज जेवायला येऊ नका."

"का वो? काय झालं?"

ताप आलाय म्हणता आलं असतं. पाहुणे आलेत म्हणता आलं असतं. सोजरबाई म्हणाल्या, "डेग कळकली. कल्हई उडाली हुती, मी बघितलीच न्हाई."

  मला वाटलं, आता सुमनताई म्हणतील, बघा, म्हणूनच आम्ही कुणाकडे जेवत नाही. एवढ्या वर्षांची वाट बघणं माझ्यामुळं मातीत गेलं असं मला वाटलं, आणि मी रडू शकत असते तर रडले असते.

मग पलीकडे भांड्यांचा खडखडाट झाला. हिंदुरावांचा आवाज आला, "अगं, ते माहेरचं पातेलं कुठं घेऊन निघालीस?" आणि सुमनताई आमच्या दारात. दारात कुठल्या, थेट चुलीपाशी! तोवर त्या कधी ओट्याच्या आत आल्या नव्हत्या. कडेवर एक थोरलं पितळी पातेलं. ते त्या कुणाला उसनं देत नसत, हात लावू देत नसत.

"दसऱ्याला गावाकडनं कल्हई करून आणलीय," त्या म्हणाल्या. "आत बोट फिरवून बघा. मादी हाय न्हवं अजून?"

"हाय. पण सुमनताई, हे माझ्या चुलीवर चढलं तर मग तुमच्या घरात..."

"मी तीन पानं मांडा म्हटलं हुतं. मांडली का न्हाई?"

सोजरबाईंनी लाकडं ओढली. चूल पेटवायला बसल्या.

मग जी धांदल उडाली! अर्जुनराव आणि हिंदुरावांनी मादी कापली. पिसं काढायला कढत पाणी हवं होतं, ते माझ्यात तापवलं. नाताळाच्या दिवशी मला, मुख्य डेगीला, अंगणात पिसांच्या कामाला लावलं! अपमानच तो, पण त्या दिवशी मी निमूटपणे गिळला. आत सुमनताईंनी कांदा आणि सुकं खोबरं चुलीत खरपूस भाजलं, तीळ-खसखस घेतली, पाट्यावर वाटण केलं. सोजरबाई चाचरत म्हणाल्या, "अख्खा ठेवायचा हुता वो."

"अख्खा शिजंस्तवर रात हुईल. अन् रश्शात भाकरी चुरून समद्या रांगेचं पोट भरतं."

म्हणून त्या नाताळाला टर्कीचा झणझणीत रस्सा झाला, लालभडक, वर तेलाचा तवंग. दुपारच्या भोंग्यानंतर पंगत बसली. भोंग्याला गडगडून उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं, खुराड्यात नुसती लहान पिल्लं होती, त्याचं इंद्रायणीला वाईट वाटलं. तीन पानं मधोमध मांडली होती. सोजरबाई पळी हातात धरून उभ्या. सुमनताईंनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

"तुमीच घातलंय की!" सोजरबाई म्हणाल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. भैरू म्हणाला, "वहिनी, आज पानी नको, रस्सा द्या." त्या वर्षी छाती कोरडी लागली नाही कुणाला.

जेवणं झाल्यावर सोजरबाईंनी पातेलं रिकामं करायला घेतलं. तळाला अजून बराच रस्सा होता. "राखेनं लख्ख घासून देते," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात न्यायचं हाय."

"घासायचं कशाला? आतला रस्सा सांडायचाय व्हय?" सुमनताईंनी पदरानं कडा धरल्या, भरलं पातेलं उचललं आणि घरी गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे ते त्यांच्या चुलीपाशी टेकल्याचा आवाज आला. सोजरबाई भिंतीला कान लावून उभ्या होत्या. मीही ऐकला. एवढा सुंदर आवाज मी तांबट आळीतसुद्धा ऐकला नव्हता.

पुढच्या रविवारी हिंदुरावांनी ओव्हरटाइम सोडला, मला पुण्याला नेलं आणि कल्हई करून आणली. मग दर नाताळाला नवा वाद. यंदा निखाऱ्यावर अख्खा की रस्सा? एका वर्षी दोन्ही झालं, माझ्यात एक आणि पातेल्यात एक. पण चुलीवर चढायच्या आधी सुमनताई येणार, माझ्या पोटात बोट फिरवणार, बोट उजेडात धरून बघणार आणि मगच "हां, चढवा" म्हणणार, हे ठरलेलं.

आता गॅस आला. माझं बूड शेगडीवर बसत नाही. टर्कीची पैदास संपली. नाताळाला कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि मी माळ्यावर. माझ्या पोटात पुन्हा तांबूस डाग पडलेत, मला आतून जाणवतं.

मित्रांनो, स्टीलवर माझा राग नाही. माझं एवढंच मागणं आहे की घरात माझ्यासारखी एखादी असेल तर तिला वरून बघून सोडून देऊ नका. खाली काढा आणि आत बोट फिरवा. कल्हई उडाली असेल तर पुढच्या रविवारची वाट बघू नका. आणि एखाद्या सकाळी अन्न कळकलंच, तर झाकून ठेवू नका, शेजारी जाऊन सांगा. नाताळ जवळ आला आहे. सुमनताई अजून भिंतीपलीकडेच राहतात, आणि मला ठाऊक आहे, आत आल्या की त्या आधी माळ्याकडे बघून विचारतील, "डेग कुठाय, सोजरबाई? कल्हई बघितली का?"